फितीची साक्ष : जुनी जपानी पदके कशी वाचावीत



वसंत ऋतूतील या व्यासपीठावर वेदान्तापासून अणुशक्तीपर्यंत सर्व थोर विषयांचा परामर्श घेतला जातो. तेथे उभे राहून आम्ही आज दीड इंच रुंदीच्या एका रेशमी फितीविषयी आणि तिला शिवलेल्या एका आकड्याविषयी बोलणार आहोत. फीत जपानची, तीही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची. कोणी म्हणेल, पदक म्हणजे धातू. फीत काय, मळली की बदलावी! हा समज खोटा आहे, आणि त्यापायी पुष्कळ इतिहास केराच्या टोपलीत गेला आहे, एवढेच आजच्या व्याख्यानाचे प्रतिपाद्य.

आपल्याच मुलखापासून सुरुवात करू. सातारा जिल्ह्यातील कित्येक घरांत पहिल्या महायुद्धातील रुपेरी पदके अजून जपून ठेवलेली आढळतात. तसले पदक हाती घेऊन त्याची कड उजेडात फिरवली, तर तिच्यावर बारीक अक्षरे दिसतात : शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण. फीत गेली, पेटी गेली, घर बदलले, तरी तो शिपाई त्या कडेवर आपले नाव घेऊन उभा असतो. ब्रिटिशांच्या राज्याविषयी आपले मत काही असो, ही त्यांची रीत इतिहासाला उपकारक ठरली.

जपानी युद्धपदकांवर असे नाव नसते. हजारो सैनिकांना दिलेली पदके एकाच ठशातून निघालेली आणि सर्व अनाम. मग हे पदक कोणत्या काळी दिले गेले, ते छातीवर मिरवले गेले की पेटीतच राहिले, ही फीत त्याचीच की कोणी मागाहून घातली, याची साक्ष द्यायला उरते कोण? फीत, तिची घडी, तिचा टाका, मागचा आकडा, मधली कडी, आणि सुदैव असेल तर पेटी व सनद. धातू सांगतो की पदक कोणते. फीत आणि जोडकाम सांगतात की त्या पदकाचे आयुष्य कसे गेले.

आता थोडा पूर्वेतिहास. जपानात पराक्रमाचे पारितोषिक म्हणून तलवार, वस्त्रे किंवा जमिनीचे उत्पन्न देत असत. छातीवर काही टांगण्याची चाल नव्हती, कारण किमोनोला टांगण्याची जागाच नसते. पदक आले ते पाश्चात्त्य कोटाबरोबर. 1867 च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात सात्सुमा संस्थानाने स्वतःच्या नावे एक मानचिन्ह वाटले आणि तोकुगावा सरकारची मोठीच पंचाईत केली. राज्यक्रांती झाल्यावर मेइजी सरकारने 10 एप्रिल 1875 रोजी उगवत्या सूर्याचे मानचिन्ह स्थापन केले. त्याच हुकुमाने युद्धपदकाचीही सोय झाली, आणि पहिले युद्धपदक 1874 च्या तैवान मोहिमेतील लोकांना मिळाले. पुढच्याच वर्षी, 1876 च्या मार्चमध्ये, सामुराईंना कमरेला तलवारी लावण्याची बंदी झाली. कमरेची तलवार उतरली आणि छातीवर फीत चढली; एका समाजाचे स्थित्यंतर या दोन गोष्टींत दिसते.

त्याच दशकात जपान रेशमाचा धंदाही नव्याने शिकत होता. 1872 मध्ये तोमिओका येथे फ्रेंच तज्ज्ञाच्या देखरेखीखाली रेशमाची गिरणी सुरू झाली आणि त्याच वर्षी क्योतोहून विणकर फ्रान्समधील लिआँ शहरी नवे माग शिकण्यासाठी गेले. फीत ही वस्तू जपानला परकी असली तरी रेशीम घरचे होते. म्हणून जुन्या जपानी फितीचे कापड हाताला भरीव लागते. पैठणी हाताळलेल्या आमच्या भगिनींना अस्सल रेशमाचा भार कसा असतो, हे आम्ही सांगायला नको.

आता मुद्द्याकडे वळू. जुने जपानी पदक हाती आले की पाच प्रश्न क्रमाने विचारावेत.

पहिला प्रश्न रंगाचा. फितीचे रंग कोणाच्या आवडीने ठरत नाहीत, ते हुकुमाने ठरतात. उगवत्या सूर्याची फीत पांढरी व तांबड्या काठांची. 1888 मध्ये स्थापन झालेल्या पवित्र निधीच्या मानचिन्हाची फिकट निळी, सोनेरी पट्ट्यांची. न्यायमूर्ती राधाविनोद पाल यांना 1966 मध्ये याच मानचिन्हाचा पहिला वर्ग मिळाला होता. 1890 ची सुवर्ण घार हे केवळ लष्करी मानचिन्ह. त्याची फीत हिरवी व पांढऱ्या पट्ट्यांची, आणि ते 1947 मध्ये रद्द झाले. युद्धपदकांत पाहिले तर 1894-95 च्या चीनविरुद्धच्या युद्धाची फीत हिरवी-पांढरी आहे. 1904-05 च्या रशियाविरुद्धच्या युद्धात त्याच दोन रंगांच्या मधोमध एक निळा पट्टा आला. ही आरमारी विजयाची खूण मानतात. पहिल्या महायुद्धाच्या पदकाला गडद निळी आणि पांढरी फीत. म्हणजे 1895 च्या पदकाला निळ्या पट्ट्याची फीत दिसली, तर फितीने किंवा विक्रेत्याने कोणीतरी गफलत केली आहे हे उघड झाले.

परंतु रंग जुळला म्हणजे सर्व जुळले असे नव्हे. नागरी सन्मानपदकांचा दाखला घ्या. 1881 मध्ये तांबडी, हिरवी आणि निळी अशा तीन फितींची पदके सुरू झाली. 1887 मध्ये पिवळ्या फितीचे पदक निघाले, ते समुद्रकिनाऱ्याच्या संरक्षणासाठी देणगी देणाऱ्यांना. ते पुढे रद्द झाले. 1955 मध्ये पुन्हा पिवळ्या फितीचे पदक आले, पण आता ते आपल्या धंद्यात निष्ठेने झिजलेल्या माणसांसाठी. रंग एक, पण अर्थ दोन. पहिली पिवळी फीत तोफांसाठी दिलेल्या पैशाची, दुसरी सुताराच्या आणि शेतकऱ्याच्या घामाची. रंग नुसता पाहून भागत नाही. त्याला साल विचारावे लागते.

दुसरा प्रश्न कापडाचा. मेइजी काळातील फीत रेशमाची. भिंगाखाली तिचे आडवे दोर उठून दिसतात आणि काठ मागावरच बांधलेला असतो, कापून दुमडलेला नसतो. जपानात कृत्रिम रेशमाचा धंदा सुरू झाला तो पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. तेव्हा तसल्या धाग्याची फीत 1895 च्या पदकाची मूळची असू शकत नाही. नायलॉन आणि पॉलिएस्टर त्याहून अर्वाचीन. एखादा धागा आपोआप गळून पडला असेल तर तो चिमट्यात धरून जाळून पाहावा : रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरगळते, कृत्रिम रेशीम कागदासारखे जळते, नायलॉन व पॉलिएस्टर वितळून त्यांचा टणक मणी होतो. मात्र परीक्षेसाठी फितीचा धागा ओढून काढणे म्हणजे साक्षीदाराला मारून त्याची जबानी घेण्यासारखे आहे.

नोटा तपासण्याचा अतिनील दिवा आता पुष्कळ दुकानांत असतो. अंधारात त्याखाली फीत धरावी. पांढरा भाग निळसर झळाळला, तर धाग्यात कपडे शुभ्र दिसावेत म्हणून घालतात तसली रसायने आहेत, आणि त्यांचा सर्रास वापर दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारासच सुरू झाला. येथे एक सावधगिरी हवी. जुनी अस्सल फीतही कोणी आजच्या साबणाच्या पुडीने धुतली असेल तर झळाळते. उलट, न झळाळणारी फीत जुनीच असते असेही नाही. दिवा संशय उत्पन्न करतो. निवाडा आपणच करायचा असतो.

तिसरा प्रश्न घडीचा आणि टाक्याचा. निरनिराळ्या देशांच्या फितीची धाटणीच वेगळी असते. ऑस्ट्रियाची फीत त्रिकोणी घडीची, रशियाची पंचकोनी, जपानची सरळ लंबचौकोनी. तिच्या वरच्या टोकाला मागील बाजूस धातूचा आकडा शिवलेला असतो. कोटावर दोऱ्याचा फासा करून त्यात तो अडकवायचा. आपल्या चोळीच्या आकडा-फाशाचीच ही रीत. आकड्याच्या जागी टाचणी किंवा पिनेची पट्टी दिसली, तर तिथे मागाहून कोणाचा तरी हात फिरला आहे. स्त्रियांच्या मानचिन्हांना फितीची गाठ, म्हणजे फुलपाखरासारखा बो असतो. सरळ फितीचा बो केला, किंवा बो उसवून सरळ फीत केली, तर सुईची जुनी भोके राहतात आणि घडीच्या जागी रंगाची रेघ उमटते.

घडी ही फार प्रामाणिक वस्तू आहे. उजेडाने फितीचा दर्शनी भाग विटतो, पण दुमडीच्या आतला रंग पहिल्या दिवसासारखा राहतो. तेव्हा घडी न उसवता कडेने भिंगातून आत डोकावावे. बाहेर विटका आणि आत गडद असेल, तर ती फीत त्याच घडीत अनेक वर्षे राहिली आहे. आत-बाहेर सारखाच रंग असेल, तर ती नुकतीच बसवलेली किंवा जन्मभर काळोखात राहिलेली आहे. पोलादी आकडा गंजला असेल तर त्याचा तपकिरी डाग रेशमावर आकड्याच्याच आकाराचा उमटतो. डाग एकीकडे आणि आकडा दुसरीकडे असला, तर चोर सापडला असे समजावे.

चौथा प्रश्न जोडकामाचा : कडी, नाके, बिजागरी आणि आडवी पट्टी. आपल्या परमवीरचक्राची आठवण येथे उपयोगी पडेल. ते सावित्रीबाई खानोलकरांनी घडवले. जन्माने युरोपीय, पण एका मराठी सेनाधिकाऱ्याची पत्नी होऊन त्या इथल्याच झाल्या. त्याची जांभळी फीत ज्या पट्टीतून जाते, ती पट्टी फिरती आहे. धातू आणि कापड यांच्यामधील असला सांधा नेहमीच झिजतो, आणि झिजेला खोटे बोलता येत नाही. कडी आणि नाके वर्षानुवर्षे एकमेकांवर घासली तर दोघांवरही समोरासमोर घळ पडते. कडी झिजलेली आणि नाके कोरे करकरीत असेल, तर ती दोन निरनिराळ्या घरांची आहेत. झाळ पाहावी : मूळची झाळ नीट आत बसलेली असते, दुरुस्तीची कथलाची झाळ करड्या ढेकळासारखी बाहेर डोकावते. कोणताही जुना सोनार हे क्षणात सांगेल.

उगवत्या सूर्याच्या मानचिन्हात तर जोडकाम हाच दागिना आहे. सूर्याची किरणे वर टांगलेली असतात ती किरी नावाच्या वृक्षाच्या तीन पानांच्या व फुलांच्या मीनाकामाच्या झुबक्याला. झुबक्याच्या मागे चार चिनी अक्षरे असतात. त्यांचा आशय, कर्तबगारीचे चिन्ह. मूळ आठ वर्गांपैकी सातव्या आणि आठव्या वर्गाला सूर्य नाहीच. नुसती किरीची पाने. सातव्याची मीना भरलेली, आठव्याची कोरी रुपेरी. साध्या शिपायाला मिळत ती बहुधा ही पाने. चौथ्या वर्गाच्या फितीवर फितीचेच एक फूल असते, पाचव्या व सहाव्यावर ते नसते. आता पाचव्या वर्गाला एक फूल शिवून तो चौथा म्हणून विकावा, असा मोह होणारच! पण चौथ्याची किरणे सोनेरी, पाचव्याची सोनेरी व रुपेरी अशी मिश्र, सहाव्याची रुपेरी. शिवलेले फूल खोटे बोलू लागले तर सूर्याची किरणेच त्याला खोटे पाडतात.

मागील बाजूस ठसा आहे का, तेही पाहावे. आरंभीची मानचिन्हे खासगी कारागीर घडवीत. त्यांत मीनाकामात पिढीजात नाव असलेले हिराता घराणे प्रसिद्ध होते. ओसाकाची सरकारी टांकसाळ हे काम करू लागली ती 1929 पासून, आणि तिच्या कामावर इंग्रजी एम या अक्षराचा बारीक ठसा आढळतो. ज्याच्यावर तो ठसा आहे ते मेइजी काळचे असू शकत नाही. मेइजी बादशहा 1912 मध्येच निवर्तला. फितीवर एखादी आडवी धातूची पट्टी दिसली म्हणून लगेच नाक मुरडू नये. नागरी सन्मानपदक एकदा मिळालेल्या माणसाने पुन्हा तसेच काम केले, तर दुसरे पदक न देता त्या फितीवर पट्टी देत. ती पट्टी म्हणजे एका माणसाने दुसऱ्यांदा केलेले सत्कृत्य आहे.

पाचवा प्रश्न पेटीचा आणि कागदाचा. मानचिन्हांच्या पेट्या काळ्या लाखेच्या, वर सोनेरी अक्षरांत नाव व वर्ग. पेटीवरचा वर्ग आणि आतला वर्ग एकच आहे ना, हे आधी पाहावे. अक्षरेही काळ सांगतात. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने अनेक चिनी अक्षरांची वळणे सोपी केली. मानचिन्ह या शब्दातील पहिले अक्षर त्यांपैकीच एक. जुन्या पेट्यांवर त्याचे जुने, अधिक रेघांचे रूप दिसते. आणि सनदेत तर ज्याची आपण मघापासून वाट पाहत आहोत तेच असते : माणसाचे नाव.

या पाच प्रश्नांच्या शेवटी असे निघाले की फीत मूळची नाही, तर काय करावे? येथे घाई नको. जपानने आपली मानचिन्हे कित्येक परदेशी अध्यापकांना, स्थापत्यविशारदांना आणि मुत्सद्द्यांना दिली. त्यांतील पुष्कळांनी ती लंडन-पॅरिसच्या जवाहिऱ्यांकडून आपल्या देशाच्या रिवाजाप्रमाणे पुन्हा बसवून घेतली. अशी फीत जपानी नव्हे, पण लबाडही नव्हे. ती सांगते की हे मानचिन्ह समुद्र ओलांडून गेले आणि कोणा परक्या माणसाने अभिमानाने वापरले. तीच गोष्ट एखाद्या सैनिकाच्या बायकोने जाड दोऱ्याने पुन्हा शिवलेल्या फितीची. संग्राहकाच्या लेखी ते वैगुण्य असेल. आमच्या मते त्या पदकाला लाभलेली ती एकमेव सही आहे.

खरा अपराध वेगळाच आहे. विकाऊ पदक चकचकीत दिसावे म्हणून जुनी फाटकी फीत कापून फेकायची, दुसऱ्या पदकाची बरी फीत त्याला चढवायची, धातू पावडरीने घासून लखलखीत करायचा. 1894-95 चे पदक शत्रूकडून जिंकलेल्या तोफांच्या धातूचे केले होते. त्या धातूवर सव्वाशे वर्षांत जी काळसर छाया आली, ती एका रविवारी दुपारी चिंचेने किंवा पावडरीने घालवायला पाच मिनिटे पुरतात. परत आणायला तितकीच सव्वाशे वर्षे लागतील. पदक विकले जाते, भाव चढतो, सर्वांचे समाधान होते. फक्त ज्याचे नाव कोठेच नव्हते, त्या शिपायाची उरलीसुरली ओळख नाहीशी होते.

कोणी विचारील, जपानच्या शिपायाची आपण का चिंता वाहावी? 1944 च्या मार्चमध्ये सांगशाकच्या डोंगरावर आमच्या मराठा पलटणीची जवाने याच जपानी सैन्याशी प्राणपणाने झुंजली. ते वैर खरे होते, आणि त्याच मार्चमधल्या त्या रक्तात दोन्हीकडचे लोक होते. पण ज्याने शौर्य पाहिले आहे, तो शत्रूच्या शौर्याचे चिन्हही पायदळी तुडवीत नाही. शिवाय, आपण आज परक्याच्या पदकाशी जसे वागू, तसेच उद्या कोणी आपल्या आजोबांच्या पदकाशी वागेल.

म्हणून शेवटी तीन साध्या सूचना. एक, जुने पदक हाती आले की आधी त्याचे पुढून, मागून आणि घडीच्या बाजूने छायाचित्र घ्यावे. मग स्पर्श करावा. दोन, फीत जीर्ण झाली तर ती काढू नये; काढल्यावाचून गत्यंतरच नसेल, तर वेगळ्या कागदी पाकिटात घालून, कोणत्या पदकाची, कोणत्या दिवशी काढली हे लिहून, त्याच पदकाजवळ ठेवावी. रेशमाला प्लॅस्टिकची पिशवी आणि ऊन, दोन्ही वर्ज्य. तीन, घरातल्या पदकामागची हकीकत ज्यांना ठाऊक आहे ते वडीलधारे आहेत तोवर ती विचारून, नावगावासह कागदावर उतरवून पेटीत ठेवावी. ही तिसरी सूचना जपानी पदकांसाठी नाही. ती सातारच्या, रत्नागिरीच्या, कोल्हापूरच्या आणि पुण्याच्या घरांसाठी आहे. आमच्या पदकांच्या कडेवर नाव आहे खरे, पण नाव म्हणजे हकीकत नव्हे.

धातू टिकाऊ आहे, त्याची काळजी तोच घेईल. रेशीम नाशवंत आहे, ते आपल्या हाती आहे. नाशवंताची साक्ष जिवंत ठेवणे हेच इतिहास जपणाऱ्यांचे काम होय.